फुलावरील बंदी : ठाणे जिल्ह्यातील मोहाची दारू आणि अबकारी कायदे (१८७८ ते २०२१)

प्रस्तावना

ठाणे जिल्ह्याच्या आर्थिक इतिहासात जंगल, मीठ, गवत आणि भातशेती या विषयांचा विचार बराच झाला आहे. मद्याचा विचार मात्र बहुधा समाजसुधारणेच्या किंवा गुन्हेगारीच्या अंगाने होतो. दारू ही कोणी गाळली, कशापासून गाळली आणि ती गाळण्याचा अधिकार कोणाकडून कोणाकडे गेला, हा प्रश्न त्यामुळे मागे पडतो. कल्याण, मुरबाड, शहापूर, भिवंडी या तालुक्यांत आणि २०१४ मध्ये पालघर जिल्ह्यात गेलेल्या वाडा, जव्हार, मोखाडा, डहाणू, तलासरी या भागांत वारली, कातकरी, महादेव कोळी, मल्हार कोळी, ठाकूर या जमातींचे मोहाच्या झाडाशी जे नाते होते, त्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरकारने हस्तक्षेप केला. प्रस्तुत लेखात या हस्तक्षेपाचे स्वरूप व त्याचे परिणाम तपासले आहेत. सरकारच्या मते हा मद्यपानावर अंकुश होता. प्रत्यक्षात अंकुश बसला तो मद्य घरी करण्यावर. पिणे चालूच राहिले, फक्त ते विकत घ्यावे लागू लागले.

मोहाचे झाड

मोह हा पानझडी जंगलातील मोठा वृक्ष. फाल्गुन-चैत्रात त्याची पाने झडतात आणि फांद्यांच्या टोकांना फुलांचे झुबके येतात. फुलाच्या पाकळ्या सुट्या नसतात. त्या जुळून मांसल, रसरशीत, पिवळसर पांढरी कुपी तयार होते. ही कुपी पहाटे गळते. सूर्य वर येण्यापूर्वी झाडाखालची जागा झाडून ठेवून बायका व मुले फुले वेचतात. ती वाळवली की तांबूस तपकिरी होतात आणि नीट ठेवल्यास महिनोन्महिने टिकतात. वाळलेल्या फुलाच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग साखरेचा असतो. झाडाच्या बियांपासून तेल निघते, ते खाण्यासाठी व दिव्यासाठी वापरले जाई. पेंड, पाने, लाकूड यांचेही उपयोग आहेत.

फुलाचे दारूखेरीज इतर उपयोग अबकारी खात्याच्या चर्चेत फारसे लक्षात घेतले गेले नाहीत, म्हणून हा तपशील येथे मुद्दाम नोंदवावा लागतो. ठाण्याच्या डोंगराळ भागात नाचणी-वरीचा साठा उन्हाळ्यात संपतो आणि पुढचे पीक दिवाळीच्या सुमारास हाती येते. मधल्या काळात सावकाराकडून खावटी काढणे किंवा जंगलातील कंदमुळे व फुले यांवर भागवणे, एवढेच मार्ग असत. उकडलेली किंवा भाजलेली मोहाची फुले हा त्या दिवसांतील आहाराचा भाग होता. ज्या घरात वाळलेल्या फुलांची कणगी होती, त्या घराला खावटी कमी घ्यावी लागत असे, हे उघड आहे.

दारू गाळण्याची पद्धत साधी होती. वाळलेली फुले मडक्यात पाण्यात भिजत घालून काही दिवस आंबू दिली जात. हे आंबवण चुलीवरच्या मडक्यात घेऊन त्यावर दुसरे भांडे उपडे घालत आणि सांध्याला माती लिंपत. बाजूने काढलेल्या बांबूच्या नळीतून वाफ पाण्यात ठेवलेल्या भांड्यात जाई आणि तेथे थंड होऊन थेंबाथेंबाने उतरत असे. सुरुवातीला उतरणारे मद्य सर्वांत तीव्र असते. ‘पहिल्या धारेची’ हा शब्दप्रयोग याच अनुभवातून मराठीत आला आणि भट्टी कधी न पाहिलेल्या माणसांच्याही तोंडी रुळला. या साऱ्या सरंजामात बाजारातून आणावी लागणारी वस्तू जवळजवळ नव्हतीच.

जन्म, लग्न, मृत्यू, पेरणी, कापणी या प्रसंगी दारू लागत असे. पिण्यापूर्वी काही थेंब जमिनीवर सांडून धरतरीला व पूर्वजांना देण्याचा प्रघात होता. लग्न ठरवताना दोन्ही पक्षांनी एकत्र पिणे ही कराराची खूण होती. तथापि या चित्राला सोज्ज्वळ रूप देण्याचे कारण नाही. अतिरेक होता, त्याचा त्रास बायकामुलांना होत होता. परंतु घरी गाळलेली दारू फुलांच्या साठ्याइतकीच असते, तिला उधारी नसते. दुकानातील दारूला ही मर्यादा उरत नाही. पुढील इतिहास समजण्यासाठी हा फरक महत्त्वाचा आहे.

किनाऱ्यावरील ताडी

जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात परिस्थिती वेगळी होती. वसई, माहीम, डहाणू या भागांत ताड, माड आणि शिंदी या झाडांचा रस काढण्याचा व्यवसाय मुख्यतः भंडारी समाजाकडे होता. पहाटेचा गोड रस दुपारपर्यंत आंबून ताडी होते, म्हणून हा व्यवसाय गावापुरता व दिवसापुरता असे. १८७० च्या दशकात झाडावरील कर वाढवण्यात आला आणि परवान्याशिवाय झाड छेदणे गुन्हा ठरले. त्यातून भंडारी समाजात तीव्र असंतोष निर्माण झाला आणि अनेकांनी पिढीजात धंदा सोडला. ताडीचा इतिहास स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे एवढेच लक्षात घ्यावे की ताडी महाग झाल्याचा फायदा दुकानात मिळणाऱ्या गाळीव दारूला झाला आणि ती दारूही मोहाचीच होती.

१८७८ चा कायदा आणि उरणच्या भट्ट्या

ब्रिटिश अमलाच्या आरंभी दारूचा मक्ता तालुकावार किंवा गावांच्या गटावार दिला जाई. मक्तेदार ठरावीक रक्कम सरकारात भरून आपल्या हद्दीत भट्टी व दुकान चालवी. अशा व्यवस्थेत किती दारू गाळली गेली याचा हिशेब सरकारला लागत नसे. मुंबई अबकारी कायदा, १८७८ (१८७८ चा पाचवा कायदा) याने मद्य तयार करणे, बाळगणे, विकणे, नेणे-आणणे आणि ताडीची झाडे छेदणे हे सर्व परवान्याखाली आणले. गावोगावच्या भट्ट्यांच्या जागी मध्यवर्ती भट्ट्या आणायच्या, तेथून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पिंपावर तीव्रतेप्रमाणे कर घ्यायचा आणि दुकानांची संख्या सरकारने ठरवायची, असे या धोरणाचे सूत्र होते.

ठाणे जिल्ह्याच्या दृष्टीने या व्यवस्थेचे केंद्र उरण होते. पुढे कुलाबा जिल्ह्यात गेलेले उरण १८७८ मध्ये ठाणे जिल्ह्यातच मोडत होते. बेटासारख्या या ठिकाणी मिठागरांप्रमाणेच दारूच्या भट्ट्याही एकवटल्या होत्या. त्या मुख्यतः पारशी मालकांच्या होत्या. खाडीने वेढलेल्या जागेवर पहारा ठेवणे सोपे आणि मुंबईची बाजारपेठ समोरच, असा दुहेरी लाभ होता. या भट्ट्यांना लागणारी फुले मात्र शहापूर-मुरबाडच्या जंगलातून येत नसत. ती गुजरात आणि जबलपूरकडून येत.

यातील विसंगती ध्यानात घेण्यासारखी आहे. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे आणि १८५४ मध्ये कल्याणपर्यंत पोहोचलेली रेल्वे पुढे कसारा घाट चढून मध्य प्रांताला जोडली गेली. ज्या लोहमार्गाने शेकडो मैलांवरची मोहाची फुले मुंबईकडे येऊ शकत होती, तो शहापूर तालुक्यातून, म्हणजे मोहाने भरलेल्या मुलखातूनच जात होता. त्याच रुळांच्या दुतर्फा राहणाऱ्या माणसाला मात्र आपल्या दारातील झाडाच्या फुलांपासून दारू गाळणे गुन्हा ठरले होते.

१८९२ चा मोह कायदा

घरोघरी दारू गाळणे कायद्याने बंद झाले, तरी ते व्यवहारात बंद करणे अवघड होते. मडके, नळी आणि चूल या वस्तू कोणत्याही घरात असतात. डोंगरातील पाड्यांवर पहारा ठेवण्याइतके मनुष्यबळ अबकारी खात्याकडे नव्हते. दारू गाळणाऱ्याला पकडता येत नाही, तर कच्चा मालच हातातून काढून घ्यावा, असा विचार पुढे आला. त्याचे फलित म्हणजे १८९२ चा मुंबई मोह कायदा. इंग्रजी दप्तरात ‘म्होवरा’ असे लिहिल्या जाणाऱ्या या फुलाच्या वेचणीवर, साठ्यावर, विक्रीवर आणि वाहतुकीवर ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांत निर्बंध आले.

एखाद्या पदार्थापासून मद्य होऊ शकते म्हणून तो पदार्थच निषिद्ध ठरवणे, हे अबकारी कायद्याच्या इतिहासातील लक्षणीय पाऊल होते. गुळापासूनही दारू होते, परंतु गूळ बाळगणे गुन्हा ठरवण्याचा विचार त्या काळी कोणी केला नसता, कारण गूळ हे प्रतिष्ठितांच्याही घरातील अन्न होते. मोहाचे फूल हे केवळ गरिबांचे अन्न होते. शासनाच्या लेखी ते अन्न नव्हतेच. या कायद्यामागील खरी दृष्टी येथे दिसते.

हा कायदा एकटा आलेला नव्हता. १८७८ मध्येच भारतीय वन कायदा संमत झाला होता आणि ठाणे जिल्ह्यातील जंगलांची आखणी करून त्यांना राखीव वा संरक्षित ठरवण्याचे काम चालू होते. दळीची शेती आणि राबासाठी फांद्या तोडणे यांवरील निर्बंधांमुळे इतके गाऱ्हाणे उठले की ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील तक्रारींच्या चौकशीसाठी सरकारला वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. म्हणजे एकाच पिढीत याच गावांतील जमीन, लाकूड, राब आणि शेवटी झाडावरून गळणारे फूल, या सर्वांवर कोणत्या ना कोणत्या खात्याची नजर बसली. वनखाते, महसूल खाते आणि अबकारी खाते यांचे शिपाई निरनिराळे असले, तरी पाड्यावरच्या माणसाला ते एकाच सरकारचे हात वाटत असणार.

दुकान, सावकारी आणि वेठ

घरची भट्टी बंद झाली, तशी दुकानांची गरज वाढली. आदिवासी भागातील दारूच्या दुकानदाराचे स्थान केवळ विक्रेत्याचे नव्हते. अनेक ठिकाणी तोच सावकार, तोच गवताचा किंवा लाकडाचा व्यापारी आणि काही काळाने तोच जमीनदार झालेला दिसतो. दुकानातील उधारी धान्याने, गवताने, श्रमाने आणि अखेर जमिनीने फेडली जाई. उत्तर ठाण्यातील जमिनी बिगर आदिवासींच्या हाती जाण्याची जी प्रक्रिया एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वेगाने घडली, तिच्या कारणांत महसूल रोखीने भरण्याची सक्ती आणि दुष्काळ यांच्याबरोबर गुत्त्यावरील उधारीची गणना करावी लागते.

लग्नाचे उदाहरण घेता येईल. लग्नात दारू अनिवार्य होती. ती घरी गाळता येत होती तोवर तिचा खर्च म्हणजे फुले वेचण्याचे व सरपणाचे श्रम. ती दुकानातून आणावी लागू लागल्यावर लग्नाचा खर्च रोखीचा झाला आणि रोकड फक्त सावकाराकडे होती. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी नवराबायको दोघांनी सावकाराच्या घरी व शेतावर वर्षानुवर्षे राबायचे, अशा माणसास ‘लग्नगडी’ म्हणत. या प्रथेची मुळे अबकारी कायद्यात आहेत असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, पण फूल हातचे गेल्याने तिचा फास आवळला गेला, हे नाकारता येत नाही.

सरकारला या व्यवस्थेचा लाभ निर्विवाद होता. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत मुंबई इलाख्यात अबकारीचे उत्पन्न जमीन महसुलाखालोखाल महत्त्वाचे झाले होते. महात्मा फुले यांनी १८८० मध्ये पुणे नगरपालिकेत दारूच्या दुकानांना विरोध केला. १९०८ मध्ये टिळकांच्या नेतृत्वाखाली पुण्यात दुकानांवर निरोधन झाले. या दोन्ही वेळी सरकारच दारू विकते हा आरोप केंद्रस्थानी होता. मात्र शहरी चळवळीचा रोख दुकान बंद करण्यावर होता. फूल ज्याचे त्याला परत मिळावे, ही मागणी तिच्या कक्षेत आली नाही.

देवीची चळवळ ते वारल्यांचा उठाव

आदिवासींनी स्वतः दारू सोडल्याचाही एक मोठा प्रसंग या प्रदेशाशी जोडलेला आहे. १९२२ मध्ये पालघर किनाऱ्यावरील कोळी वस्त्यांत देवीच्या साथीच्या निमित्ताने सुरू झालेली देवीची उपासना डोंगराळ भागातून उत्तरेकडे सुरत जिल्ह्यात पोहोचली. तेथे तिला वेगळेच वळण मिळाले. अंगात देवी आलेली माणसे दारू-ताडी सोडा, मांस सोडा, स्वच्छ राहा आणि पारशी दुकानदार-जमीनदारांकडे कामाला जाऊ नका, असे आदेश देऊ लागली. डेव्हिड हार्डिमन यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द कमिंग ऑफ द देवी’ या ग्रंथात या चळवळीचा सविस्तर मागोवा घेतला आहे. दारूत्याग हा येथे केवळ नैतिक निश्चय नव्हता. दारू ज्याच्या दुकानातून येत होती, त्याच्या सत्तेवर तो घाव होता.

दोन दशकांनंतर ७ जानेवारी १९४५ रोजी कल्याण तालुक्यातील टिटवाळा येथे महाराष्ट्र किसान सभेची परिषद भरली. तेथे आलेल्या वारल्यांनी वेठबिगारीचे गाऱ्हाणे मांडले आणि त्याच वर्षी मे महिन्यात उंबरगाव तालुक्यातील झरी येथे वेठ न करण्याचा निर्धार झाला. शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखालील या लढ्यात लग्नगडी मुक्त झाले. गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) हे पुस्तक त्या काळाचे महत्त्वाचे साधन आहे. कर्ज आणि वेठ यांची कडी या लढ्याने तोडली, परंतु मोहाच्या फुलाचा प्रश्न तसाच राहिला.

दारूबंदी आणि ‘देशी’ दारू

स्वातंत्र्यानंतर मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ अमलात आला. परकीय सरकारने महसुलासाठी वाढवलेले व्यसन स्वकीय सरकारने संपवावे, ही त्यामागील भूमिका प्रामाणिक होती. पण मोहाच्या फुलावरील नियंत्रण या कायद्यानेही सोडले नाही. हेतू बदलला, कलम राहिले. पूर्वी कर बुडवला म्हणून गुन्हेगार ठरणारा माणूस आता बंदी मोडली म्हणून गुन्हेगार ठरू लागला.

१९६० च्या दशकात महाराष्ट्राने दारूबंदी सैल केली आणि १९७३ च्या देशी दारू नियमांनी परवानाधारक देशी दारूला वाट मोकळी झाली. ही देशी दारू साखर कारखान्यांच्या मळीपासून मिळणाऱ्या मद्यार्कात पाणी व स्वाद मिसळून होते. जिच्यात देशातील एकाही फुलाचा अंश नाही ती देशी, आणि गावच्या फुलापासून गाळलेली ती बेकायदा, असा हा अजब व्यवहार झाला. दरम्यान ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या वाढत्या कामगार वस्तीसाठी खाडीकाठच्या तिवरांत हातभट्ट्या लागल्या. त्यांत मोहाऐवजी काळा गूळ आणि नवसागर आला. औद्योगिक मिथेनॉल मिसळलेल्या दारूने काय होते, हे २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभराहून अधिक बळी गेले तेव्हा पुन्हा दिसले. मोहाच्या पारंपरिक दारूला अशा दारूच्या पंक्तीत ‘गावठी’ म्हणून बसवणे हे कायद्याच्या सोयीचे असेल, इतिहासाला धरून नाही.

वारशाचा प्रश्न : मेक्सिकोचे उदाहरण

स्थानिक वनस्पतीपासून होणाऱ्या मद्याची अशीच कहाणी मेक्सिकोत घडली. कोकण रेल्वेपूर्व काळापासून आपल्याकडे शेताच्या व लोहमार्गाच्या कडेला कुंपणासाठी लावली जाणारी घायपात मूळची त्या खंडातील. तिच्याच कुळातील झाडांचे गाभे जमिनीतील खड्ड्यात भाजून, ठेचून, आंबवून मेस्काल हे मद्य तेथील खेडूत गाळत आले आहेत. स्पॅनिश राजवटीने आपल्या देशातील द्राक्षमद्याच्या व्यापारासाठी अशा स्थानिक मद्यांवर वेळोवेळी बंदी घातली. पुढे महसुलाचा मोह आवरला नाही आणि १७९५ मध्ये टकीला गावातील कुएर्वो घराण्याला परवाना मिळाला. १९७४ मध्ये टकीला आणि १९९४ मध्ये मेस्काल या नावांना भौगोलिक संरक्षण लाभले. त्यातून प्रतिष्ठा आली, निर्यात वाढली. परंतु ठरवलेल्या प्रदेशाबाहेरच्या किंवा प्रमाणपत्राचा खर्च न झेपणाऱ्या लहान गाळणाऱ्यांना आपल्या पिढीजात मद्यास मेस्काल म्हणण्याचा हक्क उरला नाही.

भारतातही आता वारशाची भाषा सुरू झाली आहे. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला आणि २०१६ मध्ये तिला वारसा पेयाचा दर्जा मिळाला. २०११ पासून दख्खनच्या पठारावरील घायपातीपासूनही व्यापारी मद्य तयार होऊ लागले. मध्य प्रदेशाने २०२१ मध्ये मोहाच्या दारूला वारसा मद्य म्हणून मान्यता देण्याचे जाहीर केले. महाराष्ट्राने त्याच वर्षी मोहाची फुले गोळा करणे, साठवणे व नेणे यांवरील निर्बंध उठवले. ठाण्यात १८९२ पासून असलेला फुलावरचा पहारा अशा रीतीने सुमारे १३० वर्षांनी हटला. दारू गाळण्याची मुभा मात्र त्यात नाही. आज फूल वेचणारी बाई ते विकू शकते, त्याचे लाडू वा सरबत करू शकते. कारखानदार परवाना घेऊन त्याचे मद्य करू शकतो. ते तिच्या चुलीवर करण्यास मनाई कायम आहे.

अनुसूचित क्षेत्रांसाठी १९९६ मध्ये झालेल्या पेसा कायद्याने मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा त्यांच्या विक्रीचे नियमन करण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. शहापूर तालुका संपूर्ण आणि मुरबाड व भिवंडी तालुक्यांतील काही गावे या क्षेत्रात येतात. दुकानाविरुद्ध हा अधिकार वापरावा अशी मागणी बहुधा गावातील बायकांकडूनच येते आणि ‘उभी बाटली, आडवी बाटली’च्या मतदानात त्यांनी आपला कौल राज्यभर अनेकदा दिलेला आहे. फुलाची वेचणीही त्यांच्याच हातची. मोहाच्या दारूचे पुढे काय करावे हे ठरवण्याचा प्रसंग येईल तेव्हा अबकारी खाते, कारखानदार आणि वारशाचे अभ्यासक यांच्याआधी त्यांना विचारावे लागेल. १८७८ मध्ये आणि १८९२ मध्ये त्यांना कोणी विचारले नव्हते. १९४९ मध्येही नाही.